घोंगड्यांच्या खोलीतल्या मॅडम

मॅडमना फोन केला की पलीकडून आधी काहीच ऐकू यायचं नाही. फोन उचलल्याचं कळायचं, पण ‘हॅलो’ नाही की ‘कोण’ नाही. नवखा माणूस दोनतीनदा हॅलो हॅलो करून फोन ठेवून द्यायचा. आम्हा विद्यार्थ्यांना सवय झाली होती. आम्ही आमचं काम सांगून टाकायचो आणि गप्प राहायचो. मग बऱ्याच वेळानं, आपण जे बोललो ते आपल्यालाच पोरकट वाटायला लागलं की त्यांचा आवाज यायचा, "हं. आता खरं काम सांगा, गुरुजी."

त्या सगळ्यांनाच गुरुजी म्हणायच्या. मी कुंडलची, शेतकऱ्याच्या घरातली. कॉलेजच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला "या, गुरुजी" म्हटलं तेव्हा मी मागं वळून पाहिलं होतं. मागं कुणी नव्हतं.

आमचं अध्यापक महाविद्यालय सांगलीत, विश्रामबागेत होतं. मॅडम तिथं शैक्षणिक तंत्रज्ञान शिकवायच्या, म्हणजे शिक्षक होऊ घातलेल्यांना पाठ कसा रचायचा आणि त्यात यंत्राची मदत कशी घ्यायची, हे. दुसरीकडे या विषयाच्या तासाला प्रोजेक्टरच्या भागांची नावं लिहून देतात. मॅडमनी आम्हाला कित्येक दिवस यंत्राला हातच लावू दिला नाही. आमच्यातला एक जण फळ्याशी उभा राहायचा, बाकीचे त्याची मुलं व्हायचो. तो प्रश्न विचारायचा, आणि कुणी काही बोललं नाही की घाबरून उत्तरही स्वतःच देऊन टाकायचा. मॅडम मागून हात वर करायच्या.

"थांबा. उत्तर निघालं होतं. तुम्ही त्याच्या तोंडावर दार लावलंत."

उंच आणि काटकुळ्या होत्या. सुती साडी, खाली कॅनव्हासचे बूट. चष्म्याच्या जाड भिंगांमुळे डोळे मोठे दिसायचे आणि पापणी लवायची ती फार उशिरा. मंडईत त्या मेथीचा भाव विचारायच्या आणि नुसत्या बघत उभ्या राहायच्या. भाजीवाली अस्वस्थ व्हायची, जुडी खालीवर करायची आणि शेवटी आपणहून भाव उतरवायची. मॅडमना भाव उतरवून नकोच असायचा. त्या पहिलाच भाव द्यायच्या आणि "तुम्ही घाबरलात का पण?" असं मनापासून विचारायच्या. चौकात हिरवा दिवा लागला तरी त्यांची स्कूटी हलायची नाही. मागचे हॉर्न वाजवून दमायचे. लग्न नव्हतं केलेलं. राजवाडा चौकाकडच्या एका गल्लीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. त्यांच्याकडे जेवायला गेलं तर ताट नेहमी एक जास्तीचं मांडलेलं असायचं. कुणी यायचं आहे का, असं विचारलं तर म्हणायच्या, "बघू."

पण मॅडम म्हटलं की अजूनही मला आधी आठवते ती तिसऱ्या मजल्यावरची खोली.

शाळांसाठी पाठ चित्रित करायला कॉलेजनं त्यांना ती दिली होती. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना महागडे फलक लावायचे तर पैसे नव्हते. मॅडमनी जतच्या बाजारातून काळी घोंगडी आणली आणि चारी भिंतींवर, दारावर, खिडकीवर लटकवली. चित्रीकरणाच्या वेळी पंखाही बंद ठेवायच्या, कारण त्याची घरघर पकडली जाते. त्या खोलीला मेंढरांचा वास यायचा. आत काही बोललं की शब्द तोंडातून निघता निघता कुणीतरी उचलून न्यावा तसा नाहीसा व्हायचा. आपलाच आवाज आपल्याला परका वाटायचा.

कॅमेरा त्या बुटका ठेवायच्या, तिसरीतलं पोर बसल्यावर त्याचे डोळे जिथं येतील तिथं. कॅमेऱ्याच्या मागं प्राथमिक शाळेतलं एक ठेंगणं बाकडं होतं. मी त्यांच्या हाताखाली संशोधन करायला लागले आणि कॅमेरा सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्या बाकड्यावर टेकले.

"गुरुजी, उठा," मॅडम म्हणाल्या. "तिथं बसलेत."

एसटीत एखादी बाई शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून म्हणते ना, तितक्या सहज. मी उठले आणि पुढं कायम उभीच राहिले.

त्यांचे पाठ असे असायचे. त्या कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी दाखवायच्या, प्रश्न विचारायच्या आणि थांबायच्या. याला त्या ‘जागा सोडणं’ म्हणायच्या. त्या जागेत त्या नुसत्या गप्प नसायच्या. ऐकायच्या. मान किंचित कलायची, भुवई वर जायची, मधेच ओठ हलायचे. मग म्हणायच्या, "अंहं, तसं नाही. परत बघ." पुन्हा जागा. मग चेहरा उजळायचा, "हां, आता आलं!" एकदा त्यांनी विचारलं, "कोळ्याला पाय किती?" थांबल्या, आणि हसू आवरत म्हणाल्या, "हळू, हळू. एकानंच बोला."

त्या वेळी माझी पाठ त्या बाकड्याकडे होती. मला वळून बघायचा धीर झाला नाही.

आमच्या कॉलेजचे शिपाईमामा वाळव्याकडचे, पैलवानकी केलेले. ते चहा घेऊन यायचे आणि कप दाराबाहेर फरशीवर ठेवून जायचे. मी त्यांना एकदा म्हटलं, "मामा, आत आणून द्या की."

"नगं ताई."

"का? आत काय आहे?"

"आत कायबी न्हाई, त्येचीच भीती वाटती. पोरांचा गलका आला असता तर मी गेलो असतो की. गलका येत न्हाई आन म्याडम म्हनत्यात, गप बसा रं."

यामागं मॅडमचं शास्त्र होतं, आणि ते मला ठाऊक होतं. तरुणपणी त्यांनी आपल्या प्रबंधासाठी सांगली-सातारच्या कितीतरी शाळांत मागच्या बाकावर बसून वर्षं काढली होती. मुलांची बरोबर उत्तरं त्यांनी सोडून दिली आणि चुकीची तेवढी टिपली. मुलं वाटेल तशी चुकत नाहीत, हे त्यांचं म्हणणं. अमक्या प्रश्नाला आधी अमकी चूक होणार, ती सुधारली की तमकी होणार. ते एकदा कळलं की मुलं समोर नसतानाही त्यांच्याशी बोलता येतं. पाठाची रचना म्हणजे हीच. मी हे परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही चांगले मिळाले होते. तरी त्या खोलीतून खाली उतरताना मी जिन्यात दिवा लावायची, भर दुपारी.

माझं संशोधन त्या जागांवरच होतं. हे पाठ शाळांत दाखवायचे आणि मॅडम थांबतात तिथं मुलं खरोखर काय करतात ते बघायचं. मॅडम स्वतः कधीच यायच्या नाहीत. "मी आले तर दोन दोन होऊ. पोरांनी कुणाकडं बघायचं?" म्हणायच्या.

पलूसला, तासगावला मी पाठ दाखवले आणि थक्क झाले. पोरं टीव्हीशी बोलत होती. मॅडम थांबल्या की उत्तर द्यायची, "अंहं" म्हटलं की जीभ चावायची. कोळ्याच्या पायांपाशी तर दोन्हीकडं सगळा वर्ग एकदम ओरडला, आणि मॅडम म्हणाल्या, एकानंच बोला. पोरं चिडीचूप.

मग मी जतच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीजवळ, मेंढपाळांच्या एका वस्तीवर गेले. एकाच खोलीची शाळा, वर पत्रा, आणि पत्र्याला आधार म्हणून खोलीच्या आतच रोवलेला एक लाकडी खांब. एकच मास्तर, तिथलेच. त्यांनी मुलांची ओळख करून दिली आणि खांबाला टेकून बसलेल्या एका मुलीपाशी येऊन आवाज उतरवला.

"ही मायाक्का. तिकडनं कळपासंगं आल्याली. शाळंत यिऊन लय दिस झालं, पर तोंड उघडत न्हाई. मुकी हाय का काय, कळंना. आई म्हनती घरात बोलती. तुमी तिचं मनावर घिऊ नका."

मी तिसरीचा पाण्याचा पाठ लावला. या पाठात एक जागा अशी होती की ती आधी लिहून काढलेल्या टाचणात नव्हती. चित्रीकरणाच्या वेळी मॅडमनी पेल्यात पाणी ओतलं, "हे काय आहे?" विचारलं, नेहमीसारख्या थांबल्या, "बरोबर" म्हणाल्या. आणि मग कॅमेऱ्यावरची नजर काढून भलतीकडंच, खोलीच्या कोपऱ्यात बघून काहीतरी बोलल्या. मला वाटलं, चुकलं त्यांचं. मी नंतर म्हटलंही, हे कापून टाकू का? "राहू द्या," म्हणाल्या. त्या वेळी ही शाळा मी निवडलेली नव्हती. जतला जायचं ठरलंच नव्हतं.

वस्तीवरची पोरं "पाणी!" म्हणून ओरडली. टीव्हीतल्या मॅडम म्हणाल्या, "बरोबर." मग त्यांची नजर वळली.

"तू गं. खांबाशी बसलीस ती. तू सांग."

सगळ्या पोरांनी माना वळवल्या. मास्तरांच्या हातातला खडू खाली पडला. मायाक्कानं गुडघे पोटाशी ओढले. टीव्हीतल्या मॅडम बघत होत्या, थेट तिच्याकडे, आणि थांबल्या होत्या. इतकी लांब जागा त्यांनी दुसऱ्या कुठल्याच पाठात सोडली नव्हती. पत्र्यावर वारा वाजत होता. एक पोरगं खुदकन हसलं आणि मॅडमनी पडद्यावर नुसतं बोट वर केलं. ते गप्प झालं.

मायाक्काचे ओठ हलले. मग तिनं अगदी स्वच्छ सांगितलं, "नीरू."

कानडीत पाण्याला नीरू म्हणतात. मास्तर तिला चुकलं म्हणणार तेवढ्यात पडद्यावरून आवाज आला.

"तेही बरोबर. तेसुद्धा पाणीच."

मायाक्का रडायला लागली, मग हसायला, मग पुढं येऊन पोरांच्यात बसली. मास्तर माझ्याजवळ सरकले.

"आवं ताई, ह्या बाई जित्त्या हायत न्हवं?"

"आहेत की. सांगलीत असतात."

"न्हाई, इच्यारलं," ते म्हणाले, आणि उरलेला पाठ त्यांनी दारात उभं राहून पाहिला.

सांगलीला परतल्यावर मी थेट त्या खोलीत गेले. मॅडम घोंगडी झटकत होत्या. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या चकित होतील किंवा निदान खूश होतील. त्या घोंगडी झटकतच राहिल्या. मग विचारलं, "खांब कुठल्या बाजूला होता?"

"डावीकडे."

"असं? मला उजवीकडे वाटला होता."

मी धीर करून विचारलं, "मॅडम, तुम्हाला ती मुलं दिसतात का?"

त्यांनी घोंगडं खिळ्याला अडकवलं, त्याची सुरकुती हातानं सरळ केली. मग म्हणाल्या, "प्रत्येक वर्गात एक पोर मागं बसतंच, गुरुजी. खांब असला तर खांबाला टेकतं, नसला तर भिंतीला. आणि हद्दीवरच्या शाळेत ते बहुधा कानडी असतं. यात दिसायचं काय आहे?"

हे उत्तर पटण्यासारखं होतं. मी प्रबंधात ते जवळजवळ त्याच शब्दांत लिहिलं. पण त्याच दिवशी घरी जाताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं की मी मुलांच्या मागं उभी होते, म्हणून तो खांब मला डावीकडे होता. मुलांच्या समोर जो उभा असेल त्याला तो उजवीकडेच दिसणार.

पुढं ते पाठ एका संस्थेनं घेतले, मोबाइलच्या ॲपवर टाकायला. त्यांच्या माणसानं ते जुळवून आणून दाखवले. चित्र झकास होतं, संगीत होतं, अक्षरं नाचत होती. मॅडम थांबायच्या त्या सगळ्या जागा त्यानं कापल्या होत्या. रिकाम्या वेळात मुलांचं लक्ष उडतं, असं तो म्हणाला. बिचारा हौसेनं काम करणारा मुलगा होता. पडद्यावर मॅडम प्रश्न विचारून लगेच "बरोबर, बरोबर" म्हणत पुढं पळत होत्या.

मॅडम खुर्चीतून उठल्या. "ही बाई कोण आहे?" त्या म्हणाल्या. "हिला बंद करा. हिच्यासमोर कुणीच नाही."

त्यांनी परवानगी नाकारली. पण पाठ कॉलेजचे होते, मॅडमचे नव्हते, आणि ते ॲपवर गेले. त्यानंतर त्या पुन्हा घोंगड्यांच्या खोलीत गेल्या नाहीत. काही दिवसांनी जतच्या मास्तरांचा मला फोन आला. "ताई, मायाक्काचा कळप गेला फुडं. बोलत बोलत गेली पोरगी. पर ॲपवरचं पाठ लावलं तर बाकीची पोरं आता टीव्हीम्होरं बसंनात. म्हनत्यात, बाई आमचं आयकत न्हाईत." मी मॅडमना ते सांगितलं. फोनवर त्या गप्प राहिल्या. मी वाट पाहिली, खूप वाट पाहिली, आणि पहिल्यांदाच असं झालं की पलीकडून काहीच आलं नाही.

निवृत्तीनंतर त्या साताऱ्याला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. मी तोवर एका कॉलेजात शिकवायला लागले होते. एके दिवशी त्या बहिणीचाच फोन आला. मॅडमना झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

मी गेले तेव्हा त्या खिडकीशी आरामखुर्चीत होत्या. समोर अजिंक्यतारा उन्हात तापलेला. केस बहिणीनं बारीक वेणीत बांधले होते. मला पाहून डोळे ओळखीचे झाले, तोंड उघडलं आणि नुसताच श्वास बाहेर आला.

बहीण मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "डॉक्टर म्हणतात, रोज बोलायचा सराव घ्या. कळतं सगळं, पण शब्द सापडत नाही. आणि माझ्यासमोर ती तोंडच उघडत नाही गं. मी विचारते आणि मलाच राहवत नाही, मीच सांगून टाकते. तुझ्याकडं तिचे ते पाठ आहेत का? पहिलीतल्या मुलांचे? वस्तू ओळखायचे?"

होते. न कापलेले, सगळेच्या सगळे माझ्याकडे होते. पण मला ते त्यांना दाखवायची भीती वाटली. त्यांना त्यांच्याच समोर बसवायला माझं मन धजेना. शेवटी बहिणीनं माझा मोबाइल घेऊन मॅडमच्या पुढ्यात स्टुलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला.

काळ्या घोंगड्यांपुढं मॅडम उभ्या होत्या, ताठ, दहाएक वर्षांनी तरुण. त्यांनी समोर पाहिलं. खुर्चीतल्या मॅडमनीही पाहिलं. दोघींची पापणी लवत नव्हती. पडद्यावरच्या मॅडमनी एक कंगवा वर धरला.

"हे काय आहे?"

खुर्चीतल्या मॅडमचा गळा हलला. ओठ एकमेकांवर आले, सुटले. पहिलीतल्या पोराला पुरेल इतकीच ती जागा होती. "बरोबर," पडद्यावरच्या मॅडम म्हणाल्या आणि कंगवा खाली गेला. खुर्चीतल्या मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मागं राहिलेल्या मुलांचे डोळे असे होतात, मी आयुष्यभर पाहत आलेय.

मी पाठ मागं घेतला. "हे काय आहे?" विचारून झालं तसं पडद्यावर बोट टेकवून तो थांबवला. मॅडमचा चेहरा तिथंच गोठला, मान किंचित कललेली, भुवई वर. आम्ही सगळ्या थांबलो. मी, बहीण, खुर्चीतल्या त्या आणि पडद्यावरच्या त्या. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज पार विरला, तरी कुणी हललं नाही. बहिणीनं पदर तोंडात धरला होता.

"कं," मॅडम म्हणाल्या. मग पुष्कळ वेळानं, "गवा."

मी बोट उचललं. "बरोबर," पडद्यावरच्या मॅडम म्हणाल्या आणि हसल्या. "कंगवाच. आणि याचं काय करतात? करून दाखवा बरं."

मी पाठ थांबवायला पुन्हा बोट पुढं नेलं आणि ते तसंच हवेत राहिलं. खुर्चीतल्या मॅडमचा डावा हात मांडीवरून उचलला गेला होता. तो छातीपर्यंत आला, तिथं थबकला, मग खांद्यापर्यंत. पडद्यावरच्या मॅडम काही बोलल्या नाहीत. या पाठातली प्रत्येक जागा माझी मोजलेली आहे, आणि इतकी मोठी जागा इथं असल्याचं मला आठवत नाही. त्या थांबल्या होत्या, मान कलती करून, नजर त्या हाताबरोबर वर वर नेत. हात केसांपर्यंत पोहोचला. बोटं वेणीवरून हळूच खाली फिरली.

"हां," पडद्यावरच्या मॅडम म्हणाल्या, "अस्सं."